खैरगव्हाणची ओंजळ

खैरगव्हाणात येणारा पाहुणा आधी बारव बघतो. बघण्यासारखीच आहे ती. काळ्या दगडाच्या बत्तीस पायऱ्या, टप्प्याटप्प्यावर कोनाडे, कोनाड्यांत देवीच्या झिजलेल्या मूर्ती, आणि तळाशी भर वैशाखातही हिरवंगार पाणी. मग पाहुणा विचारतो, हे पाणी तुम्ही पिता का? गाव म्हणतं, नाही. मग कुठलं पिता? तेव्हा डोंगराकडं बोट दाखवावं लागतं. तिथं मसणवट्याच्या वरच्या अंगाला खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार येते, तिथलं. आता घरोघर नळ आले, पण नळाला पाणी त्याच झऱ्याचं. एवढी देखणी बारव दारात असताना गावानं मसणवट्याकडचं पाणी का धरलं, हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं घटकाभर या चिंचेखाली टेकावं. गोष्ट सांगायला बरी वाटत नाही. पण गाव ती लपवत नाही.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. त्या काळी डोंगराच्या पायथ्याला, पडक्या धर्मशाळेशेजारी एक दोन खणी दवाखाना होता. तिथं एक गोरी डॉक्टरीण राहायची. मिशनानं धाडलेली. नाव हॅरिएट पेल. गावाला एवढं नाव कुठलं उच्चारायला, गाव म्हणायचं पेलबाई. वाळल्या काटकीसारखी बाई, डोक्याला कायम पांढरा रुमाल, आणि मराठी अशी पुस्तकी की बायका पदराआड हसत. "आपण जीभ दाखवावी," असं ती गुराख्यालाही म्हणायची.

तोवर तिला इथं आठ वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं दवाखान्याकडं कोणी फिरकलं नाही. मग एकदा एक अडलेली बाळंतीण तिनं सोडवली, कोणाच्या डोळ्यांवरचा पडदा काढला, विंचू उतरवला, आणि हळूहळू लोक येऊ लागले. रोज सकाळी ओसरीवर बसून ती आपल्या देवाची प्रार्थना वाचायची. ऐकायला असायची फक्त राही. राही महारवाड्यातली विधवा, दवाखाना झाडायची, जखमा धुवायची, रोग्यांना उचलायची. ती ख्रिस्ती झाली नव्हती. बाईनंही तिला कधी आग्रह केला नाही म्हणतात.

राहीचा नवरा कोंडिबा. दुष्काळात महारवाड्याच्या झऱ्याला रांग लागायची, धार बारीक झाली होती. एका दुपारी तापानं फणफणलेल्या आईसाठी त्यानं बारवेत घागर बुडवली. हणमंतराव पाटलांनी त्याला बारवेच्याच पायरीशी बांधून बेदम मारायला लावलं. चौथ्या दिवशी बाईच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर राही दवाखान्यातच कामाला राहिली.

त्या साली चैत्री पुनवेला देवीची यात्रा भरली. दुष्काळातून वाचलेली माणसं नवस फेडायला लांबलांबून आली. बारवेत त्यांनी अंघोळी केल्या, कपडे पिळले, आजाऱ्यांनाही न्हाऊ घातलं. यात्रा उठली आणि चौथ्या दिवशी कुंभारवाड्यात पहिली पटकी लागली, आताच्या बोलीत कॉलरा. सकाळी ओकारी, दुपारी डोळे खोल, दिवेलागणीला तिरडी. सहा दिवसांत एकोणीस माणसं गेली.

पेलबाई घराघरांतून फिरत होती. मीठ घातलेलं उकळलेलं पाणी चमच्याचमच्यानं पाजायची. कोणी वाचायचं, कोणी तिच्या हातावरच जायचं. फिरता फिरता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. महारवाड्यात तीस घरं होती, आणि एकाही घरात पटकी शिरली नव्हती. तीस घरं झऱ्याचं पाणी पीत होती.

पण हे गावाच्याही ध्यानात आलं होतं. गावानं त्याचा अर्थ वेगळा लावला. आपल्यावर करणी झाली, आणि ती महारवाड्यानं केली.

तेव्हा पेलबाई चावडीवर गेली. तिथं पाटील बसले होते, चार जाणती माणसं होती, देवीचा गुरव होता. ती म्हणाली, "मरण आपल्या बारवेच्या पाण्यात आहे. ते पाणी आजच बंद करा. झऱ्याचं पाणी प्या. नाहीच जमलं, तर बारवेचं उकळून तरी प्या."

मसणवट्याच्या वाटेवरचं पाणी, आणि तेही महारवाड्याचं, हे तोंडानं सांगायचीसुद्धा गोष्ट नव्हती. मग पाटील म्हणाले, "बाई, तुमी आमच्यासाठी राबताय, ते आमाला दिसतंय. पर देवीच्या पाण्यात मरण आहे, हे मी गावाला कोणत्या तोंडानं सांगू? हे सगळे तेच पाणी पितात, आन बसलेत की तुमच्या म्होरं." पुढं ते म्हणाले, "तुमी पिऊन दाखवा. तीन दिसांत तुमाला पटकी लागली, तर मी सोता झऱ्यावर येतो. सगळं गाव आणतो."

बाई चावडीवरून उठली ती थेट बारवेकडं निघाली. राही मागं धावली. पायऱ्यांच्या तोंडाशी ती थांबली, कारण तिला पुढं जाता येत नव्हतं. तिथूनच ती म्हणाली, "बाई, आन न्हाई लागली तर?"

हा प्रश्न बाईला पडला नव्हता असं नाही. ती डॉक्टर होती. एकाच घागरीचं पाणी दहा जण पितात आणि दहाही पडत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण एकोणीस माणसं गेली होती आणि पाटलाच्या तोंडून शब्द मिळाला होता. या पाण्यात एवढं विष आहे की ते आपल्याला सोडणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. "लागेल," एवढंच ती म्हणाली. बत्तीस पायऱ्या उतरली आणि सगळ्या गावासमोर दोन पेले पाणी प्यायली.

ते तीन दिवस गावानं दवाखान्याकडं डोळे लावले. बायका काहीतरी निमित्त काढून ओसरीपाशी यायच्या आणि बाईचं तोंड निरखायच्या. बाई ओसरीवर बसून होती. पोटावर हात दाबून कळ येते का बघायची. जरा मळमळलं की तिला धीर यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला राहीनं तिचं बोलणं ऐकलं. बाई पुस्तक न उघडता म्हणत होती, "देवा, मला लागू दे. याहून दुसरं काही मागत नाही. मला लागू दे." आयुष्यभर दुसऱ्याचा रोग हटवणारी बाई स्वतःसाठी रोग मागत होती.

तिसऱ्या दिवशी तिला सडकून भूक लागली.

संध्याकाळी पाटील स्वतः आले. त्यांनी तिला नीट बघितलं. खोटं कशाला सांगा, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "बाई, तुमी वाचलात. लई बरं झालं. आईनं लाज राखली." ते मनापासून बोलत होते.

देवळात ढोल वाजला. बारवेत नारळ सोडले गेले. बाईचं ऐकून गावातली अकरा घरं पाणी उकळू लागली होती. त्यांनी त्या संध्याकाळीच चुली विझवल्या. पुढच्या नऊ दिवसांत एकेचाळीस माणसं गेली. त्यांतली चौदा त्या अकरा घरांतली. बाईला चौदाही नावं पाठ होती, म्हाताऱ्याची, पोराची, बाळंतिणीची, आणि ती एकटी असली की ओळीनं पुटपुटायची असं राही पुढं सांगायची.

या नऊ दिवसांत बाईनं काय करायचं बाकी ठेवलं? दारोदार गेली. दारं उघडायची, पण तिचं बोलणं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. एका दुपारी ती बारवेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली, की कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. पाणी भरायला आलेल्या एका म्हातारीनं तिचा हात धरून तिला हळूच बाजूला केलं, लेकीला करावं तसं. म्हणाली, "सरका, बाई. तुमीच प्यालात न्हवं?" आणि वाकून घागर बुडवली.

बाई पायरीवरच बसली. त्या दिवशी तिला उठवून आणायला राहीला पायऱ्या उतराव्या लागल्या. बारवेत पाऊल टाकणारी महारवाड्यातली ती पहिली बाई. कोणी तिला अडवलं नाही, अडवण्याचं त्राणच गावात उरलं नव्हतं.

दवाखान्यात आल्यावर बाई म्हणाली, "राही, मी त्यांना मारलं. पाणी पिणं हा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक होतं. मी डॉक्टर असून पैज लावली."

राहीनं तिची समजूत काढली नाही. ती म्हणाली, "लावलीत खरी." मग तिनं बाईचे पाय धुतले आणि भाकरी पुढं ठेवली.

गावाला आता पाण्याचा संशय उरला नव्हता, त्यामुळं करणीचा पक्का झाला. रविवारी सकाळी चावडीवरून महारवाड्यात निरोप आला: मंगळवारी दिवस डोक्यावर यायच्या आत वाडा रिकामा करा, नाहीतर छपरं पेटतील. महारवाड्यात गाठोडी बांधायला सुरुवात झाली. कुठं जायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. बाई घोड्यावरून तालुक्याला जायला निघाली, कचेरीत सांगून पोलीस आणावेत म्हणून. पण तालुक्यातही पटकी होती. नाक्यावरच तिला परत फिरवलं. पटकीच्या गावाकडून आलेल्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता. ती सोमवारी दुपारी परत आली ती थकलेला घोडा ओढत, पायी. वाटेत मसणवटा लागतो. तिथं पाच चिता धुमसत होत्या. त्यांच्याजवळ थांबायला माणूस नव्हतं.

झऱ्याशी राही घागर भरत होती. बाई तिच्याशेजारी खडकावर बसली.

तेवढ्यात मसणवट्याच्या वाटेनं एक बाई वर चढताना दिसली. तोंडावर पुरा पदर ओढलेला, काखेत रिकामी घागर. जवळ आल्यावर राहीनं तिला चालीवरून ओळखलं. ती मैनाबाई होती, हणमंतरावांची बायको. तिची थोरली लेक आणि मुलगा त्याच आठवड्यात गेले होते. आता सहा वर्षांची ठकू अंथरुणाला लागली होती.

मैनाबाईनं घागर लांबच ठेवली, रीतीप्रमाणं. पदराआडून म्हणाली, "राही, एवढी भरून दे. कोणाला सांगू नगंस."

राही हलली नाही. पाटलाच्या हुकमानं तिचा नवरा गेला होता. पाटलाच्याच हुकमानं दुसऱ्या दिवशी तिचं घर जळायचं होतं. धार नुसतीच खडकावर पडत राहिली. पेलबाईच्या मनात आलं की राहीला सांगावं, पोर आहे, दे. पण आपल्याला तो हक्क राहिलेला नाही, असं तिला वाटलं.

मग राही म्हणाली, "पानी देते, पाटलीणबाई. पर चोरून न्हाई. तोंडावरचा पदर काढा. घागर डोक्यावर घ्या आन मधल्या गल्लीनं घरी जावा. कोणी इचारलं तर सांगा, राहीच्या हातचं हाय."

"ते माझा जीव घेतील."

"माझ्या माणसाचा घेतलाच की."

मैनाबाईनं पदर मागं सारला. रडून रडून तिचं तोंड सुजलेलं होतं. ती दोन पावलं पुढं आली, आपली घागर उचलून तिनं राहीच्या हातात दिली, आणि राहीनं ती काठोकाठ भरली.

त्या दुपारची चाल गाव अजून पाठ म्हणतं. पुढं उघड्या तोंडानं पाटलीण, डोक्यावर घागर. तिच्या मागं राही, दुसरी घागर घेऊन. त्यांच्या मागं घोडा ओढत पेलबाई. मधल्या गल्लीत ओट्याओट्यांवर माणसं उभी राहिली. पाटील दारातच होते. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग तिच्या मागं उभ्या राहीकडं बघितलं आणि उंबऱ्यात आडवा हात धरला.

मैनाबाई म्हणाली, "दोन गेली तुमच्या पान्यानं. ही माजी हाय. सरा."

बत्तीस वर्षं पाटीलकी केलेला माणूस, पण त्याचा हात खाली आला.

ठकूला ते पाणी उकळून, मीठ घालून पाजायला पेलबाई बसली. राही उंबऱ्यापाशी बसून पाणी पुरवत होती. पोरीचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. बाईची भीती वेगळीच होती. पुन्हा सगळं एका देहावर येऊन ठेपलं होतं. ही पोर गेली असती, तर झऱ्याच्या पाण्यानं मारली असं गाव म्हणालं असतं, मग महारवाडा उरला नसता आणि पाठोपाठ गावही उरलं नसतं. आणि बाईला हेही कळत होतं, की पोर जगली तरी तो पुरावा नव्हे, जसं तिचं स्वतःचं जगणं नव्हतं. तरी ती चमचा चमचा पाजत राहिली. तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी पाटलांच्या दारात पंचवीस-तीस माणसं जमली. हातांत पलिते होते, अजून न पेटवलेले. महारवाड्यातली म्हातारीकोतारी गाठोड्यांवर बसून होती. आत ठकूनं डोळे उघडले, आईकडं बघितलं आणि भाकरी मागितली.

पाटील बाहेर आले. त्यांनी लोकांना काय सांगितलं, यावर गावात दोन मतं आहेत. कोणी म्हणतं ते फक्त "घरी जावा" म्हणाले. कोणी म्हणतं ते काहीच बोलले नाहीत, एकेकाच्या हातातून पलिते घेऊन ओट्याशी ठेवत गेले. माणसं पांगली एवढं खरं.

बुधवारी उजाडताच झऱ्यावर चौदा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. दिवस वर आला तशी रांग मसणवट्याच्या खालपर्यंत गेली. राही धारेपाशी उभी राहून एकेक घागर भरून देत होती. पेलबाई बाजूच्या खडकावर बसून रडत होती. आनंदानं म्हणावं तर ते रडणं तसं नव्हतं. पैजेनंतर एकेचाळीस माणसं आधीच गेली होती.

सगळ्यांच्या शेवटी पाटील आले. हातात भांडं नव्हतं. झऱ्याशी येऊन ते वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. महारवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दारात पाणी असंच घेतलं होतं. खाली वाकायचं, ओंजळ धरायची, आणि वरून कोणी ओतील तेवढं प्यायचं. राहीनं त्यांच्याकडं बघितलं. तिला काय वाटलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. तिनं घागर तिरकी केली आणि वरून पाणी ओतलं. पाटील प्यायले. माफी मागितली नाही, आणि राहीनंही दिली नाही.

दहा दिवसांत पटकी हटली. पाटलांनी बारवेच्या तोंडाला काटेरी झापा लावून ती बंद केली.

पेलबाईनं मिशनाला पत्र लिहून आपण काय केलं ते सगळं कळवलं. मिशनानं तिला परत बोलावलं. ती गेली नाही, तेव्हा मिशनाकडून औषधं यायची थांबली. पुढं सात वर्षं ती पाला, मीठ आणि उकळलेलं पाणी यांच्यावर दवाखाना चालवत राहिली. दुसऱ्या वर्षी वैशाखातल्या त्याच बुधवारी गाव झऱ्यावर जमलं, तेव्हा बाई आली नाही. दवाखान्याचं दार लावून बसली होती. राहीनं निरोप धाडला, "बाई आल्याबिगर मी घागर उचलायची न्हाई." सगळं गाव उन्हात उभं राहिलं. दुपार कलल्यावर बाई आली. तिनं ओंजळ धरली, पण ती तोंडाशी जायच्या आत सगळं पाणी मातीत सांडलं. ती म्हणाली, "राही, हे त्यांचं." राहीनं पुन्हा ओतलं, तेव्हा ती प्यायली.

बाई सातव्या वर्षी तापानं गेली. राही पुढं पुष्कळ जगली. पटकी कोणाला आठवत नाही असे दिवस आले, मग महारवाड्याचं भीमनगर झालं, पाटीलकी गेली, चावडीच्या जागी ग्रामपंचायत झाली.

आजही वैशाखातल्या दुसऱ्या बुधवारी सगळं गाव झऱ्यावर जातं. भीमनगरातली एखादी लेक किंवा सून धारेपाशी घागर घेऊन उभी असते, आणि सरपंच असो, मास्तर असो, की तुमच्यासारखा पाहुणा, ज्याला प्यायचं आहे त्यानं वाकून ओंजळ धरायची. पहिली ओंजळ पीत नाहीत. ती जमिनीवर सोडतात, आणि ती मुरेपर्यंत गप्प उभे राहतात. मग दुसरी धरतात.